बाळाची ॲलर्जी: कोणती तपासणी करावी?

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहतो. माझ्या 8 महिन्यांच्या मुलाला गाईच्या दुधातली रव्याची खीर पहिल्यांदाच भरवली, तेव्हा अर्ध्या तासात त्याच्या तोंडाभोवती व पोटावर गांधी उठल्या आणि एक उलटी झाली. संध्याकाळपर्यंत सारे शमले. वरण-पोळीचा कुस्करा तो आधीपासून खातो. तालुक्यातली एक प्रयोगशाळा रक्ताच्या एकाच नमुन्यातून कितीतरी पदार्थांची ॲलर्जी तपासून देते. ती तपासणी करावी का? सासूबाई शेळीचे दूध सुरू करायला सांगतात.
— एक आई

उत्तर: ताई, निदानासाठी सर्वांत मोलाची माहिती तुमच्या पत्रातच आहे. बाळाला पोळी पचते, त्यामुळे रव्यावरचा संशय बराच कमी होतो आणि दूध उरते. तेव्हा तपासणी दुधाची करावी, लांबलचक यादीची नव्हे. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे (ॲलर्जीशी संबंधित, शरीराने तयार केलेली प्रथिने) सापडली तरी तो पदार्थ बाळाला बाधतोच असे नाही. पण अहवालात तूर, गहू, शेंगदाणा यांच्यापुढे खूण दिसली की घरचे घाबरून तेही बंद करतात आणि वाढत्या लेकराचे वरणसुद्धा तुटते. असे होताना पाहून मला फार वाईट वाटते. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या तपासणीचा तर या निदानाला काहीच उपयोग नाही.

बाळाला नागपूर किंवा सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दाखवा आणि खिरीची हकीकत वेळेसकट सांगा. त्वचेवर टोचून करायची चाचणी या वयातही होते व 15 ते 20 मिनिटांत कळते. मात्र तिच्यापूर्वी काही दिवस ॲलर्जीचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे लागते. रक्ताच्या चाचणीला ही अट नाही.

शेळीचे दूध देऊ नका, म्हशीचेही नको. त्यांतील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असल्याने तोच त्रास उद्भवण्याची शक्यता मोठी असते. दही, ताक आणि दूध पावडरची बिस्किटेही तूर्त टाळा. अंगावर पाजणे चालूच ठेवा. नुसत्या तुमच्या दुधाने बाळाला त्रास होत नसेल, तर तुम्ही स्वतः दूध सोडण्याची गरज नाही.

घरी पुन्हा दूध चाटवून पाहू नका. चुकून पोटात गेले आणि श्वासात घरघर, ओठ-जिभेला सूज, वारंवार उलट्या किंवा बाळ मलूल होणे यांपैकी काहीही दिसले, तर 108 ला फोन करा. अशा वेळी मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. बहुतेक मुलांची दुधाची ॲलर्जी वाढत्या वयात जाते. ती गेली की नाही हे पाहण्यासाठी रुग्णालयात देखरेखीखाली थोडे थोडे दूध देतात, आणि त्याची वेळ तुमचे डॉक्टर ठरवतील.