तिन्ही मशीन काढू नका, आधी बायोस उघडून बघा

तुमचा प्रश्न असा समजलोय: कर सल्लागाराचं ऑफिस, तीन असेंबल केलेले डेस्कटॉप, तिन्हींवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा विक्रेता म्हणतो, यांच्यावर ११ चढत नाही, तिन्ही काढा आणि नवीन घ्या. शिवाय मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवाय आणि अँटिव्हायरस कुठला घ्यावा हेही विचारलंय.

मी सांगली-मिरजेतल्या छोट्या ऑफिसांची मशीनं वीसेक वर्षं सांभाळतोय. विक्रेत्याचं पोट कशावर चालतं हे मला माहीत आहे, पण इथे तो घाई करतोय.

प्रोसेसरचे नंबर दिलेत ते बरं केलंत. दोन आय५-८४०० आणि एक आय३-४१३०. अशा चार आकडी नंबरात पहिला आकडा पिढीचा. आठवी पिढी विंडोज ११ च्या यादीत आहे, चौथी नाही. म्हणजे दोन मशीनं पास व्हायला हवीत. तरी तपासणीचं अ‍ॅप 'पात्र नाही' दाखवतंय, ते बहुधा टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय, ११ ला ती लागते) मुळे. ते या मशीनमध्ये असतं, पण त्या काळात असेंबल करणाऱ्यांनी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंदच ठेवलेलं असायचं, कारण तेव्हा कुणी विचारतच नव्हतं. मशीन चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे 'इंटेल पीटीटी' शोधा (इंटेलच्या टीपीएमचं नाव) आणि चालू करा. कुठल्या बोर्डावर ते 'सिक्युरिटी'त असतं, कुठल्या बोर्डावर 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये.

यात एक खड्डा आहे. ११ ला यूईएफआय ही नवी बूट पद्धत लागते. मशीन जुन्या लेगसी पद्धतीने बूट होत असेल आणि डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल, तर बायोसमध्ये नुसतं यूईएफआय करून टाकलंत की विंडोज उघडणारच नाही. मग 'मशीन मेलं' म्हणून विक्रेत्याला फोन जातो आणि त्याचंच खरं ठरतं. आधी विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी कमांडने डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची करायची, मग बायोसला हात लावायचा. डेटा तसाच राहतो. पण मध्येच लाईट गेली तर काय, हा प्रश्न उरतोच, म्हणून आधी बॅकअप.

तुम्ही लिहिलंय, 'टॅलीचा बॅकअप रोज डी ड्राइव्हवर घेतो'. हे वाचून मी कपाळाला हात लावला. सी आणि डी या सहसा एकाच डिस्कचे भाग, एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत हो. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर ते काही सी वर थांबत नाही. बाहेरची हार्ड डिस्क कायम जोडून ठेवली असेल तर तीही त्याच झपाट्यात जाते. दोन बाहेरच्या डिस्क घ्या. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी. जोडायची, बॅकअप घ्यायचा, काढायची. जी वापरात नाही ती घरी न्यायची. तिसरी प्रत क्लाऊडवर, पण पासवर्ड घालून.

घरी न्यायची का, तर ऑगस्ट २०१९ आठवा. नदीकाठच्या एका ऑफिसात पाणी येणार म्हणून त्यांनी सीपीयू, बॅकअपची डिस्क, सगळं नीट टेबलावर ठेवलं आणि कुलूप लावून गेले. हिशेब सरळ होता, २००५ ला पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. या वेळी ते टेबलाच्या वर गेलं आणि बरेच दिवस उतरलं नाही. मी गेलो तेव्हा डिस्क उलटी केली तर गाळाचं पाणी ठिबकलं. सात वर्षांची रिटर्न त्यांना ग्राहकांच्या दारोदार फिरून, प्रिंट मागून पुन्हा उभी करावी लागली. काळजी मशीन आणि बॅकअप दोन्हींची घेतली होती, पण एकाच टेबलावर.

आणि महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधली एखादी कंपनी दुसऱ्या मशीनच्या टॅलीत उघडून बघा. न उघडणारे बॅकअप मी भरपूर पाहिलेत.

आता वीज. मशीन बिघडलं म्हणून मला बोलावतात त्यातली बरीच दुखणी भिंतीतली असतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? इलेक्ट्रिशियनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. एका दुकानात मला चाळीस दिसले होते. तिथे वर्षात दोन एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) आणि एक मदरबोर्ड गेला होता, आणि मालक कंपनीला शिव्या देत होता. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला होता, एवढंच.

यूपीएस प्रत्येक मशीनला वेगळा, साधा ६०० व्हीएचा चालेल. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते. म्हणून बॅटरी बदलली की तिच्यावर मार्करने तारीख लिहा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका, तापताना तो एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस बसतो. साफसफाई वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीला. मागची जाळी नीट बंद ठेवा. एसएमपीएसमध्ये भाजलेली पाल मी एकापेक्षा जास्त वेळा काढली आहे.

जाता जाता: त्या आय३ ची तारीख सारखी मागे जाते आणि बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, असं लिहिलंत. हॅक वगैरे काही नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय, रुपयाएवढा गोल असतो तो. तो बदला. या मशीनवर मात्र ग्राहकांचं काम आता करू नका. त्याचं नेट काढा आणि जुना स्कॅनर त्याला जोडा. नाहीतर एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम चढवा आणि घरी न्या. तिसरं मशीन म्हणून एक नवीन घ्या: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, अलीकडच्या पिढीचा आय३ किंवा रायझन ५. तुमच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ऑफिससाठीच्या मालिकेतलं, तीन वर्षांच्या ऑनसाईट वॉरंटीचं घ्या. 'ऑनसाईट' हा शब्द बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

अँटिव्हायरसबद्दल माझं मत वेगळं पडेल. विंडोजमध्येच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरेसा आहे. पैसे देऊन हवाच असेल तर आपल्या पुण्याचा क्विक हील घ्या किंवा दुसरा कुठलाही, पण एकच. खरा धोका फुकटच्या, लायसन्स नसलेल्या क्रॅक विंडोजचा आहे. क्रॅक टाकणारा पहिलं काम कुठलं करतो? डिफेंडर बंद, कारण खोटं लायसन्स चालू करणारा त्याचा अ‍ॅक्टिव्हेटरच पकडला जातो. बरेच जण मग अपडेटही बंद करून जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आलं, पण ते ज्या भगदाडातून शिरत होतं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घातला होता त्यांच्या मशीनमध्ये त्याला त्या भगदाडातून शिरताच आलं नाही. तुमच्या दोन्ही मशीनचं लायसन्स खरं आहे का ते आधी बघा. नसेल तर खर्च तिथे करा.

बाकी तुमच्या धंद्यातली दोन दुखणी. डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाची एक्सेल असणारच, सगळ्या ग्राहकांचे पॅन आणि आयकरचे पासवर्ड एकाच पानावर. ती कीपास किंवा बिटवॉर्डन अशा पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हलवा आणि एक्सेल पुसून टाका. दुसरं, डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचा यूएसबी. ग्राहकांची टोकनं रबर बँड लावून ड्रॉवरमध्ये आणि पिन अजून १२३४५६७८ असतो. टोकन म्हणजे त्या माणसाची सही आहे. पिन बदला, सही झाली की यूएसबीतून काढा, ड्रॉवरला कुलूप लावा. असिस्टंटला अ‍ॅडमिन खातं नको, साधं यूजर खातं द्या. आणि 'पोर्टलवरून बोलतोय, एक अ‍ॅप टाका' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावा.

मुलीच्या लॅपटॉपसाठी कंपन्यांकडून परत आलेले लेनोवोचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड जरूर बघा, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवा आणि डिस्क किती तास चालली, तब्येत किती टक्के उरली ते बघा. बॅटरीची मूळ आणि आताची क्षमता विंडोजच्या पॉवरसीएफजी कमांडच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसते. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर तिथेच परत करा. घरी आणल्यावर विंडोज पहिल्यापासून टाका. ११ च्या नव्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात, म्हणजे कुलूपबंद करतात. तिची ४८ आकडी रिकव्हरी की छापून रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. बायोस अपडेटनंतर लॅपटॉप ती मागू शकतो, आणि तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवत नसतो.

पीटीटी सापडलं नाही तर मदरबोर्डचं मॉडेल आणि बायोसच्या स्क्रीनचा फोटो टाका, मी सांगतो. फक्त हे काम २० तारखेच्या आधी काढू नका. जीएसटीचं ३बी रिटर्न भरून होऊ दे, २१ ला सकाळी बसा.