बीटबॉक्सिंगचा कार्यक्रम प्रत्यक्ष जाऊन ऐकण्यात एवढे काय वेगळे आहे?

मित्र बीटबॉक्सिंगच्या, म्हणजे केवळ तोंडाने ड्रमसारख्या वाद्यांचे आवाज काढून ठेका धरण्याच्या कलेच्या, कार्यक्रमाला चलण्याचा आग्रह करतो आहे, परंतु हेच सारे मोबाइलवर फुकट ऐकता येत असताना तिकीट काढून, संध्याकाळच्या रहदारीतून पुण्याच्या दुसऱ्या टोकाला का जावे, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की अवश्य जावे, आणि तिथे बसल्यावर कलाकार श्वास कुठे घेतो याकडे लक्ष ठेवावे. ध्वनिमुद्रणात नेमकी हीच गोष्ट हरवते, कारण तिथे श्वास कापून टाकता येतो, तुकडे जोडता येतात, आणि हे खरोखर एका तोंडातून एका दमात निघाले का, ही शंका ऐकणाऱ्याच्या मनात कायम राहते.

मी असा एक कार्यक्रम कर्वे रस्त्याजवळच्या एका लहान सभागृहात, अनेक वर्षे तबला शिकलेल्या मित्राबरोबर ऐकला. मंचापासून आम्ही इतके जवळ होतो की कलाकाराचे ओठ, गाल आणि खांदे स्पष्ट दिसत होते. बीटबॉक्सिंगचे मूळ आवाज मोजकेच आहेत. ड्रमचा खालचा ठोका ओठ घट्ट मिटून फोडलेल्या 'ब' किंवा 'प'सारखा असतो, झांजेचा आवाज 'त्स' असा निघतो आणि कडक, करकरीत आवाजाच्या स्नेअर ड्रमसाठी 'क' किंवा 'प्फ' वापरतात. यांपैकी बरेचसे आवाज फुप्फुसातली हवा खर्च न करता, कंठ बंद ठेवून, केवळ तोंडात कोंडलेल्या हवेवर काढले जातात. हळहळ व्यक्त करताना आपण 'च्च्' करतो तेव्हाही फुप्फुसातून हवा येत नाही, ती जिभेने ओढली जाते. बीटबॉक्सर या तत्त्वाचा पुरेपूर उपयोग करून घेतो. त्याहून विलक्षण म्हणजे 'क'चा एक प्रकार श्वास आत घेतानाच वाजवला जातो. त्यामुळे दम भरण्याची जागा हीच ठेक्यातली एक मात्रा होते आणि ताल कुठेही तुटत नाही. समोर बसल्यावर हे डोळ्यांना दिसते. स्नेअरचा आवाज येतो त्याच क्षणी कलाकाराची छाती किंचित वर उचलली जाते, आणि एकदा हे ध्यानात आले की पुढचा सगळा कार्यक्रम निराळ्या कानांनी ऐकला जातो.

2013 साली अमेरिकेतील संशोधकांनी एका बीटबॉक्सरच्या तोंडाचे एमआरआय चित्रण करून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की त्याला येत नसलेल्या, जगाच्या निरनिराळ्या भागांतील भाषांमध्ये आढळणाऱ्या ध्वनींच्या पद्धती तो सहज वापरत होता. मला ही माहिती फार मोलाची वाटते, कारण ज्याला पुष्कळ लोक तोंडाची नक्कल म्हणून सोडून देतात, ते मानवी वाणीच्या जवळजवळ सर्व शक्यता कष्टाने शोधून काढण्याचे काम आहे.

माझ्या मित्राचा आरंभीचा आक्षेप मात्र वेगळा होता. आपल्याकडे तबल्याचे बोल तोंडाने म्हणण्याची पढंत आहे, कथक नर्तक बोल म्हणतात, दक्षिणेत तालाचे बोल म्हणण्याचे कोन्नकोल आहे, मग यात नवे काय, असे तो म्हणाला. मध्यंतरात त्यानेच त्यातला भेद सांगितला. पढंतीतले 'धा', 'तिरकिट' हे आघातांचे बोल आहेत; ते स्पष्ट उच्चारायचे असतात आणि प्रत्यक्ष तबल्याचा नाद ऐकणाऱ्याने मनात भरायचा असतो. बीटबॉक्सर बोल म्हणत नाही, तो वाद्याचा नादच उभा करतो. ही कला 1980च्या दशकाच्या आरंभी न्यू यॉर्कच्या हिप-हॉपमध्ये रुजली ती ताल-यंत्राच्या आवाजाचे अनुकरण म्हणून, हे लक्षात घेतले की हा भेद अधिक नीट कळतो. डग ई. फ्रेश, बिझ मार्की आणि 'फॅट बॉइज'चा डॅरन रॉबिन्सन हे त्या पिढीचे कलाकार. पुढे रेझेल याने ठेका आणि गाण्याची ओळ एकाच वेळी ऐकवून लोकांना थक्क केले. आमच्यासमोरच्या तरुणानेही घशातून सूर धरून ओठांवर ठेका चालू ठेवला, तेव्हा मित्र हातावर टाळी-खाली मोजत होता. चार-चारच्या त्या ठेक्यांची सोळा मात्रांशी सांगड त्याने लगेच घातली होती. कलाकाराने अपेक्षित ठोका मुद्दाम गाळून, क्षणभर शांतता ठेवून तो पुढच्या आवर्तनाच्या आरंभी टाकला, तेव्हा सभागृहातली मुले ओरडली आणि माझ्या मित्राच्या तोंडून 'वा!' निघाला. दोन्ही दाद एकाच जागेला गेल्या होत्या. आपला मित्र संगीत जाणणारा असो वा नसो, वेगळ्या सवयीचा कान शेजारी असला की अशा जागा हाती लागतात, म्हणून एकट्याने जाण्यापेक्षा त्याच्याबरोबर जावे असे मी म्हणेन.

हे सगळे मायक्रोफोनमुळे होते, असेही आपल्याला कोणी सांगेल. मायक्रोफोन ओठांना चिकटवून मुठीत धरला की खालचे आवाज फुगतात, हे खरेच आहे. परंतु तो किती जवळ आणायचा, कधी दूर न्यायचा, हे कौशल्य मी कलेचाच भाग मानतो. मुद्रित केलेला आवाज पुन्हापुन्हा वाजवत ठेवणाऱ्या लूप स्टेशनची गोष्ट निराळी आहे. 2013 साली आलेल्या बॉस आरसी-505 सारख्या यंत्रात पाच थरांमध्ये आवाज मुद्रित करून ते एकावर एक वाजवता येतात. त्यातून एकटा माणूस वाद्यवृंद उभा करतो, पण तिथे कस लागतो तो रचनेचा. श्वासाची परीक्षा अशा यंत्राविना केलेल्या एकल सादरीकरणातच होते.

बसायची जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. आम्ही सुरुवातीला मोठ्या स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसलो होतो आणि खर्जाच्या घुमण्यात बारीक आवाज बुडून जात होते. मधल्या रांगेत सरकल्यावर सारे वेगळे ऐकू येऊ लागले. मोबाइलवर चित्रण करण्यात वेळ घालवू नये, कारण त्याच्या लहानशा स्पीकरमधून तो खर्ज उमटतच नाही, आणि तोच तर प्रत्यक्ष कार्यक्रमात छातीवर जाणवतो. मित्राने काढलेली तिकिटे लढतीची असतील, म्हणजे दोन बीटबॉक्सर आळीपाळीने थोड्या थोड्या वेळाच्या फेऱ्या करणार असतील, तर पहिल्या फेरीपेक्षा उत्तराची फेरी अधिक लक्ष देऊन ऐकावी. समोरच्याने वाजवलेला ठेका तिथल्या तिथे उचलून, बदलून परत करणारा कलाकार कोणता, हे तिथेच कळते.