घाटात ब्रेक मऊ का पडतो?

प्रश्न : आमची सात सीटर गाडी आठ वर्षांची आहे. गणपतीला कोल्हापूरहून रत्नागिरीला माणसं-सामान भरून जातो. गेल्या खेपेस आंबा घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ लागलं, जळका वासही आला. टायरची नक्षी शाबूत आहे. रात्री समोरचे सारखे डिपर मारतात. काय बदलू?

उत्तर : आधी सवय बदला! ब्रेकवर पाय ठेवून भरली गाडी उतरवली की पॅड तापतात, वास त्यांचाच. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. पेडल मऊ पडलं ते बहुतेक ऑइलमुळे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. चाकापाशी तापलं की त्या ओलीची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. दर दोन वर्षांनी जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं. नुसतं वरून ओतून देणाऱ्या मेकॅनिकला लांबूनच नमस्कार करा. पॅडही उघडून बघायला लावा.

नक्षीचं सोडा, टायरची जन्मतारीख बघा. बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात : ३२१८ म्हणजे २०१८चा ३२वा आठवडा. जुनं रबर कडक होतं, पावसात पकड सोडतं. तुमचे टायर गाडीबरोबरचेच असतील तर बदलाच, स्टेपनीसकट.

दिव्यांचं सोपं आहे. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर जातं. स्टेअरिंगजवळ ०पासूनची आकड्यांची चकती असेल, ती भरल्या गाडीत मोठ्या आकड्यावर न्या. झोत खाली येईल.