सगळंच गुळगुळीत नको
प्रश्न: ताई, किचनचं काम काढलंय. ओटा, टाइल्स, शटर सगळं पांढरं ग्लॉसीच करा म्हणतायत, पण मला ते दवाखान्यासारखं वाटतंय, काय करू? – एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: बरोबर वाटतंय तुम्हाला. ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्या, कडप्पा नको, तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की डाग पडतो. गॅसमागं मात्र ग्लॉसी टाइल्सच हव्यात, तांबड्या रश्श्याचं तेल उडलं तर एका फडक्यात निघतं, खडबडीत टाइलच्या खाचेत तिखट बसलं की घासून घासून हात भरून येतात बघा. शटर मॅट करा. आणि एखादी सागवानी फळी, रेषा दिसणारी, तिच्यावर आजीचा पितळी डबा ठेवा, चकाकत्या दगडाशेजारी ते लाकूड काय उठून दिसतं! खाली मॅट फरशीच, ओल्या पायानं घसरायला नको.