रेसिपीतला १ कप म्हणजे किती वाट्या? आणि मीठ घातल्याने पाणी लवकर उकळतं का?

आधी तुमची वाटी केवढी आहे ते मोजा. काटा नसेल तर अर्धा लिटर दुधाची पिशवी फोडा आणि वाटीवाटीने गंजात ओता. माझी आमटीची वाटी साडेतीनदा भरली, म्हणजे साधारण १४० मिली. बाजारातल्या मापाच्या कपात २४० मिली मावतं, म्हणजे माझ्या जवळपास पावणेदोन वाट्या.

हे मी पाटोडी बिघडवून शिकले. बेसन वाटीने घेतलं आणि फोडणीत पाणी ओतताना हाताशी आला म्हणून नवा कप वापरला. एकास दोन, प्रमाण बरोबर! ताटात थापायला गेले तर वड्या कुठल्या, पिठलंच पसरलं. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरून तेच वाढलं, काय करता! दोन्ही एकाच भांड्याने मोजलं असतं तर वाटी लहान असो की मोठी, काही बिघडलं नसतं. ग्रॅमचं मात्र सांभाळून घ्या. त्याच कपात साखर २०० ग्रॅम बसते आणि मैदा जेमतेम १२०-१२५.

आता मीठ. नाही, लवकर उकळत नाही. उलट उत्कलनबिंदू वर सरकतो, पण तो एक अंश वाढवायला लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅमच्या आसपास मीठ लागेल. असा भात कोण खाईल? मीठ टाकताच तापलेलं पाणी भसकन वर येतं, त्याने आपली फसगत होते. मिठाच्या कणांवर बुडबुड्यांना धरायला जागा मिळते, इतकंच.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, म्हणून इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. त्या एका अंशाने काही अडत नाही. पैसे जातात ते मोठ्या आचेत. एकदा खळखळ उकळी आली की गॅस कितीही वाढवा, पाणी आणखी तापत नाही, नुसती वाफ होते. ३० अंशांचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसात पटीहून जास्त त्याची पूर्ण वाफ करायला लागते. तेव्हा आच कमी करा, वर झाकण ठेवा.

मे महिन्यात आमच्याकडे आधण खरंच लवकर येतं. पण ती करामत गच्चीवरच्या टाकीची, तिचं पाणी नळातूनच चटका देत येतं.