छपराचं पाणी प्यायला साठवताय? मग मृग-आर्द्रा वाहून जाऊ द्या

तुमचा प्रश्न असा आहे: संगमेश्वरकडे घर, कौलं काढून पत्रा घातलेला, छप्पर साधारण ६० चौरस मीटर, घरात पाच माणसं, विहीर मार्चमध्ये तळाला जाते. तर १०,००० लिटरची टाकी पुरेल का आणि फिल्टर कोणता घ्यावा?

टाकी पुरेल. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, एवढा सोपा हिशोब आहे. तुमच्याकडे वर्षाला ३,००० मिलीमीटर तरी पडतो. सांडलं-उडालं वजा करून ८० टक्के धरलं तरी १,४०,००० लिटरच्या वर पाणी त्या पत्र्यावरून जातं. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ७ लिटर धरा, म्हणजे दिवसाला ३५. ऑक्टोबरअखेरपासून पुढचा पाऊस लागेपर्यंत ८,००० लिटरच्या आसपास लागेल. उरलेलं मे महिन्यात मुंबईकर मंडळी उतरतात तेव्हा कामी येतं. फक्त त्या नळाखाली कुणाला हातपाय धुऊ देऊ नका.

फिल्टरचं मात्र मी उलट्या बाजूने बघतो. लाखावर लिटरमधलं दहा हजारच ठेवायचं आहे, तर येईल ते आत घेऊन मग गाळत कशाला बसायचं? मृग आणि आर्द्रा छप्पर धुण्यासाठी सोडून द्या. आठ महिन्यांची धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची शीट, वानरांनी वर टाकलेल्या कोयी, सगळं त्या पाण्याबरोबर उतरतं. पुनर्वसू लागलं, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा सरला, की टाकीचा व्हॉल्व्ह उघडा. तुमच्या छपराला टाकी भरायला २०० मिलीमीटरच्या थोडा वर पाऊस पुरतो. तरणा आणि म्हातारा (पुनर्वसू आणि पुष्याचा पाऊस) एवढं सहज देतात. हस्त संपला की व्हॉल्व्ह बंद. त्यानंतरचा अवकाळी पाऊस एक थेंबही आत घेऊ नका, कारण मोहोर धरायच्या दिवसांत आजूबाजूच्या आंब्यांवर फवारण्या चालू असतात आणि तो फवारा वाऱ्याबरोबर पत्र्यावर बसतो. हे औषध वाळू-कोळशाच्या फिल्टरने निघेल या भरवशावर राहू नये.

(मराठवाड्यातल्यांनी हे वाचून मृग सोडायला जाऊ नये. तिथे ७०० मिलीमीटर धरला तरी एवढ्याच छपरावरून ३३,००० लिटर मिळतं, पण पाऊस कधी दडी मारेल सांगता येत नाही. पहिल्या एक-दोन चांगल्या सरी सोडा आणि भरायला लागा.)

भर पावसातही चार-पाच दिवस उघडीप पडली तर पुन्हा पहिलं पाणी बाजूला काढावं लागतं. त्यासाठी टाकीच्या आधी एक उभा पाइप देतात; तो आधी भरतो, आतला चेंडू तरंगत वर येऊन तोंड बंद करतो आणि मग पाणी टाकीकडे वळतं. व्हिडिओंमध्ये दाखवतात तो चार इंची, मीटरभर लांबीचा पाइप तुम्हाला पुरणार नाही, त्यात जेमतेम ८ लिटर मावतं. ६० चौरस मीटरला निदान ६० लिटर बाजूला जायला हवं. त्यामुळे खाली झाकणबंद ड्रम लावा आणि त्याच्या तळाची तोटी किंचित ठिबकती ठेवा, म्हणजे पुढच्या सरीपर्यंत तो आपोआप रिकामा होतो. तोटी घट्ट बंद ठेवून विसरलं की सगळी व्यवस्था फुकट, आणि माणूस विसरतोच.

टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. झाकण, ओव्हरफ्लो, हवेचा पाइप, सगळ्यांना बारीक जाळी हवी, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. आत येणारा पाइप तळाजवळ नेऊन त्याचं तोंड वर वळवा, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही. पाणी काढायची तोटी तळापासून वीतभर वर. बादली किंवा तांब्या आत बुडवायचा नाही, पाहुण्यांनीसुद्धा. फेरोसिमेंटची टाकी बांधणार असाल तर ती एक-दोनदा भरून ओतून द्या. नव्या सिमेंटचं पाणी कडसर लागतं.

एवढं केल्यावर पन्हळीच्या तोंडाशी जाळी आणि खडी-वाळूचा साधा गाळप पुरे. आरओ अजिबात घेऊ नका. पावसाच्या पाण्यात क्षार मुळातच नगण्य असतात आणि आरओ उलट पाणी वाया घालवतो. जंतूंची काळजी मात्र घ्यावीच लागते, पाणी दिसायला कितीही नितळ असो. ऑक्टोबरात टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ते मेपर्यंत पुरत नाही, क्लोरीन उडून जातं. पिण्यापुरतं रोज उकळा, किंवा मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या औषधाचे) थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात हंड्यात टाकून अर्धा तास थांबा. ग्रामपंचायतीकडे पाण्यातले जंतू तपासायची एच-टू-एसची बाटली मिळाली तर खुणेपर्यंत पाणी भरून ठेवून द्या. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते पाणी तसंच पिऊ नका. पहिल्या वर्षी एकदा प्रयोगशाळेतूनही तपासून घ्या.

पत्रा जस्ताचा आहे की सिमेंटचा, ते तुम्ही लिहिलं नाही. सिमेंटचा जुना, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचा असेल तर पन्हळ बसवताना त्याला भोकं पाडू नका, ती भुकटी फुप्फुसात गेलेली वाईट. गळती थांबवायला वरून डांबर मारलं असेल, तर तेवढ्या भागाची पन्हळ टाकीला जोडायची नाही. तेवढं बघून कळवा, मग पन्हळीचा उतार कुठल्या बाजूला द्यायचा ते सांगतो.