कॅच ब्लॉकमध्ये सापडणारा रीडायरेक्ट

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या सभासद-नोंदणीचे जुने संकेतस्थळ एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या वेब-तंत्रात) आहे. ‘सेव्ह’ बटणाच्या कोडमध्ये, ट्राय ब्लॉकच्या आत (तेथे कोणतीही त्रुटी आली, तर जोडीचा कॅच ब्लॉक ती पकडून लॉगमध्ये, म्हणजे त्रुटींच्या नोंदवहीत, लिहितो), आधी नोंद डेटाबेसमध्ये जाते आणि मग रिस्पॉन्स डॉट रीडायरेक्टने पुढचे पान उघडते. नोंद होते, पानही उघडते. तरीही लॉगमध्ये दर वेळी ‘थ्रेड वॉज बीइंग अबॉर्टेड’ ही त्रुटी दिसते. चूक कोठे आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : डेटाबेसवर संशय घेऊ नका. रीडायरेक्टला नुसता पत्ता दिला, की ते ब्राउझरसाठी 302 (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) हा प्रतिसाद तयार करून रिस्पॉन्स डॉट एंडला हाक मारते, आणि पानाचे उरलेले काम जागीच थांबावे म्हणून एंड चालू थ्रेडच (पानाचे काम करणारा धागाच) अबॉर्ट करते, म्हणजे मध्येच तोडते. त्यातून उद्भवणारे थ्रेड-अबॉर्ट-एक्सेप्शन (एक्सेप्शन म्हणजे कोड चालताना फेकला जाणारा त्रुटीचा संकेत) तुमच्या कॅचमध्ये सापडते, कारण तेथे तुम्ही सरसकट सगळीच एक्सेप्शन्स पकडली आहेत. मात्र कॅच ब्लॉक संपताच ते आपोआप पुन्हा फेकले जाते. म्हणून लॉगमध्ये त्रुटी नोंदवली जाऊनही सभासद योग्य पानावर पोहोचतो. (कॅचमध्ये ट्रान्झॅक्शनचा रोलबॅक, म्हणजे डेटाबेसमधील बदल मागे घेणे, किंवा त्रुटीच्या पानाकडे दुसरा रीडायरेक्ट असता, तर प्रकरण एवढ्यावर निभावले नसते.)

माझ्या मते सर्वांत स्वच्छ उपाय असा की, ट्रायमध्ये केवळ डेटाबेसचे काम ठेवावे, ते यशस्वी झाल्याची खूण एका बूलियन (खरे-खोटे) चलात जपावी आणि रीडायरेक्ट ब्लॉकच्या बाहेर आणावा. एक्सेप्शन तेव्हाही उद्भवते, पण ते एएसपी डॉट नेट स्वतःच निस्तरते. थ्रेड-अबॉर्ट-एक्सेप्शनसाठी वेगळा, रिकामा कॅच आधी लिहिणे हा उपायही चालतो, पण तो ठिगळ लावण्यासारखा आहे.

एक्सेप्शन मुळातच नको असेल, तर रीडायरेक्टला दुसरा आर्ग्युमेंट ‘फॉल्स’ द्यावा आणि लगेच कॉन्टेक्स्ट डॉट ॲप्लिकेशन-इन्स्टन्स डॉट कम्प्लीट-रिक्वेस्ट (विनंती पूर्ण झाल्याचे सांगणारी मेथड) बोलवावे. येथे सावध राहा : आता थ्रेड थांबत नसल्याने खालच्या ओळी चालतच राहतात. ‘रिटर्न’ लिहिले, तरी त्याने फक्त त्या मेथडमधून बाहेर पडता येते. त्यामुळे लॉगिन नसलेल्या व्यक्तीला पेज-लोडमधून (पान तयार होताना चालणाऱ्या मेथडमधून) अशा रीतीने परत पाठवले, तरी पोस्टबॅक (बटण दाबल्यावर पान पुन्हा सर्व्हरकडे जाणे) असल्यास बटणाचा क्लिक-इव्हेंट त्यानंतर चालतो आणि नोंद बदलू शकते; लॉगिनची तपासणी त्या इव्हेंटमध्येही करावी लागते.